तेलबंदीचा आदेश सापडत नाहीये? सापडणारही नाही

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. एमएच्या लघुप्रबंधाला विषय '१९४१ची अमेरिकेची तेलबंदी जपानला का रोखू शकली नाही'. तारीख एका पुस्तकात २६ जुलै, दुसऱ्यात १ ऑगस्ट. मूळ आदेश काही केल्या हाती लागत नाही आणि सिनॉप्सिस तर मंजूर होऊन बसलाय. बरोबर याच खड्ड्यात मी पडले होते.

जपानचं चीनशी युद्ध, जर्मनी-इटलीशी केलेला त्रिपक्षीय करार, हिंदचीनमध्ये (आजचे व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) घुसणं हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

माझी घोडचूक सांगते. शीर्षकातच '२६ जुलै १९४१ची तेलबंदी' असं ठोकून दिलं आणि साठेक पानं अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांच्या 'निर्णया'वर खर्ची घातली. सादरीकरणाला बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, "या आदेशात तेल हा शब्द कुठे आहे, तेवढा दाखवा." नाहीच तो! २६ जुलैचा कार्यकारी आदेश ८८३२ हा जपानची अमेरिकेतली मालमत्ता गोठवण्याचा आहे. १ ऑगस्टला विमानाच्या पेट्रोलचे परवाने रद्द झाले हे खरं, पण साधं तेल चीन-युद्धाआधीच्या प्रमाणात मिळत राहील, असंच कागदावर धोरण होतं.

मग तेल थांबलं कसं? इथे नीट लक्ष द्या, तुमचा सगळा प्रबंध एका सरकारी टेबलावर उभा राहील. मालमत्ता गोठल्यावर दोन परवाने लागायला लागले, एक माल न्यायचा आणि दुसरा गोठलेले पैसे सोडवायचा. पहिला मिळायचा. दुसरा परराष्ट्र, अर्थ आणि न्याय या तीन खात्यांच्या समितीकडे अडकायचा. त्यात परराष्ट्र खात्याकडून डीन अ‍ॅचिसन होते. समितीनं 'नाही' कधी म्हटलंच नाही. जपान्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या खात्यांतून पैसे देऊ केले, तर उत्तर आलं की अमेरिकेतल्या बँकांतून काढून ठेवलेली रोकड आधी वापरा. एक शंका मिटली की दुसरी. रुझवेल्ट ऑगस्टमध्ये न्यूफाउंडलंडजवळ ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिलना भेटत होते. सप्टेंबर उजाडेपर्यंत तेल पूर्ण बंद पडलेलं होतं, आणि आता ते सोडणं म्हणजे माघार दिसली असती, म्हणून तसंच राहिलं. (रुझवेल्टना पहिल्यापासून हेच हवं होतं का, यावर इतिहासकारांचं भांडण आहे. त्यात मी पडत नाही, तुम्हीही एमएला पडू नका.)

मला हे लगेच पटलं, कारण तेव्हा माझी फाइल अशाच एका टेबलावर होती. शीर्षक बदलाचा अर्ज दिला होता. विभागाचं नाव घेत नाही. नकार एकदाही मिळाला नाही. "साहेबांच्या सहीला आहे", "समितीची बैठक झाली की कळवू", "गाइडचं पत्र जुन्या नमुन्यात आहे, नवीन आणा". नवीन नेलं तर म्हणे सोबत सिनॉप्सिसची प्रत हवी. ती पहिल्या दिवशीच जोडली होती, पण आवक शिक्का मारलेली पोच मी घेतली नव्हती, मग सिद्ध कशाच्या जोरावर करणार? आख्खं सत्र गेलं आणि मुदतवाढीची फी वेगळी. सरळ नकार दिला असता तर कुलगुरूंकडे अपील तरी करता आलं असतं.

आता माझं मत. मी प्राध्यापक नाही, बँकेत नोकरी करते, त्यामुळे चिमूटभर मीठ घालूनच घ्या. निर्बंधांनी धाक बसायचा तर समोरच्याला दोन गोष्टी कळायला हव्यात: काय केलं की फास आवळेल आणि काय केलं की सैल होईल. १९४०मध्ये पहिली गोष्ट तरी कळत होती. जुलैत विमानाचं पेट्रोल आणि वंगण परवान्याखाली आलं, ऑक्टोबरात सगळं भंगार लोखंड बंद झालं. पण तोक्योनं त्यातून भलताच धडा घेतला, की पुढची पाळी तेलाची, तेव्हा डच ईस्ट इंडीजचं (आजच्या इंडोनेशियाचं) तेल आधी पदरात पाडून घ्या. बटाव्हियातली (आजचं जकार्ता) त्यांची डचांशी बोलणी जून १९४१मध्ये फिसकटली आणि जुलैत सैन्य दक्षिण हिंदचीनमध्ये उतरलं. फास पूर्ण आवळल्यावर जपानचे नौदलप्रमुख नागानो बैठकीत तासाला ४०० टन तेल जळतंय याचा हिशोब मांडत होते. ज्याचा साठा रोज आटतोय तो थांबून विचार कशाला करेल? अमेरिकन नौदलातले युद्धनियोजन अधिकारी टर्नर यांनी हे जुलैतच लिहून दिलं होतं: तेल तोडलं तर मलाया आणि डच बेटांवर लवकरच हल्ला होईल, अमेरिकाही युद्धात ओढली जाईल, तूर्त तोडू नका.

याचा अर्थ तेल विकत राहायला हवं होतं, असं मी म्हणत नाहीये. जपानचं जवळपास ८० टक्के तेल अमेरिकेतून यायचं आणि त्यावर उडणारी विमानं चीनवर बॉम्ब टाकत होती. ही बाजू प्रबंधात आली नाही तर परीक्षक धरतील, आणि धरायलाच हवं.

जाता जाता, गाइड 'भारतीय संदर्भ' मागत असतील तर १९३३ बघा. हिंदुस्थान सरकारनं ब्रिटिशेतर सुती मालावर ७५ टक्के जकात बसवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी आपला कापूस घेणंच बंद केलं. पुढच्या वर्षी कापूस आणि कापडाचं प्रमाण ठरवून तडजोड झाली. दोन्हीकडे आकडा ठरलेला होता, म्हणून सुटका झाली. तुमच्या मुद्द्याला तुलनेसाठी चपखल आहे. इथिओपियावरच्या हल्ल्याबद्दलचे १९३५चे इटलीवरचे निर्बंध मात्र एका परिच्छेदात उरका, तिथे तेल यादीतच नव्हतं आणि सुएझ कालवाही उघडा होता.

शीर्षकात 'तेलबंदी'ऐवजी 'मालमत्ता गोठवणे व तेलपुरवठा' असं काहीतरी घाला आणि अर्ज याच आठवड्यात द्या. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिपाई "उद्या या" म्हणाला तरी. माझं मंजुरीचं पत्र आलं तेव्हा प्रबंध बाइंडिंगहून आलेला होता, कव्हरवर सोनेरी अक्षरांत अजून 'तेलबंदी'च आहे.