आयरिश नावाचं स्पेलिंग अवघड आहे, तर ते सोपं करून ठेवावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: नवरा आयरिश, तुम्ही मराठी, घर आयर्लंडात, गॉलवेला. होणाऱ्या मुलीसाठी ‘कीवा’ हे नाव दोघांनाही आवडलंय, पण ते सी-ए-ओ-आय-एम-एच-ई असं लिहितात. भारतात ते कुणालाच वाचता येणार नाही, मग सरळ के-ई-ई-व्ही-ए लिहावं का? दुसरी पसंती ‘रोशीन’.

मी बारा वर्षं आयर्लंडातच, कॉर्कला राहते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिचं नाव नीव, आणि ते लिहितात एन-आय-ए-एम-एच. म्हणजे तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथून मी गेलेली आहे. माझं उत्तर: स्पेलिंगला हात लावू नका. ‘कीवा’बद्दल मात्र मला वेगळी काळजी वाटते, तिच्याकडे पुढे येते.

आधी स्पेलिंगची भीती घालवू. आपली खरी अडचण अशी की आपल्याला रोमन लिपीत मराठी वाचायची सवय आहे. एम-एच दिसलं की आपल्या डोक्यात ‘म्ह’ वाजतो, बी-एच दिसलं की ‘भ’. म्हणून माझ्या मुलीचं नाव आमच्याकडे सगळ्यांनी पहिल्यांदा ‘नियाम्ह’ असंच वाचलं, आणि शिवॉन नावाच्या माझ्या मैत्रिणीला माझा भाऊ कितीतरी दिवस ‘सिओभान’ म्हणत होता. आयरिशमध्ये हा एच म्हणजे हकार नव्हेच. तो आधीचं व्यंजन मऊ झाल्याची खूण आहे. जुन्या आयरिश लिपीत त्यासाठी अक्षराच्या डोक्यावर एक टिंब देत, आपल्या अनुस्वारासारखं. विसाव्या शतकाच्या मध्याला छपाई रोमन टायपात गेली, टिंब गेलं आणि त्याच्या जागी एच आला. जुन्या आयरिश वर्णमालेत अक्षरं 18च, व्ही त्यात नाही. ‘व’चं काम बी-एच आणि एम-एच करतात. एवढं कळलं की नीव, शिवॉन, कीवा ही तिन्ही नावं उलगडतात.

दुसरी खुबी तर मराठी माणसाला समजावून सांगायचीही गरज नाही. आपण म्हैस म्हणतो, पण अनेकवचनात म्हशी. पैसा, पण पैशाला. ससा, पण सशाचे कान. ‘स’चा ‘श’ कधी झाला हे आपल्याला कळतही नाही, जिभेला तसंच सोपं जातं. आयरिशमध्येही एसच्या शेजारी ई किंवा आय आला की तो ‘श’ होतो. म्हणून शॉन, शिनेड, रोशीन, उशीन. इंग्रजी शाळेत शिकलेल्या डोक्याला हे विचित्र वाटतं, मराठी कानाला वाटू नये.

तिसरी गोष्ट मी बाबांमुळे शिकले. 2017 मध्ये लिओ वराडकर इथले पंतप्रधान झाले. त्यांच्या वडिलांकडचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, त्यामुळे आमच्या घरी त्या बातमीचं केवढं कौतुक! इथे पंतप्रधानाला ‘टीशक’ म्हणतात आणि लिहितात टी-ए-ओ-आय-एस-ई-ए-सी-एच. बाबा फोनवर ‘टाओइसीच’ म्हणाले. मग आम्ही दोघांनी तो शब्द अक्षर अक्षर करून फोडला. ए-ओ-आय म्हणजे ‘ई’. एस दोन्हीकडून आय आणि ई यांच्यामध्ये, म्हणून ‘श’. त्या एका शब्दावरून बाबा मग ईफा, सीर्शा, कीवा ही नावं स्वतः वाचायला लागले. सत्तरीच्या माणसाला दहा मिनिटं लागली.

हो, उच्चारावर इथेही सगळ्यांचं एकमत नसतं. सीर्शा आणि सर्शा दोन्ही ऐकू येतं; अभिनेत्री सर्शा रोनन स्वतःचं नाव सर्शा असंच सांगते. तुमची ‘कीवा’ उत्तरेकडे अल्स्टरमध्ये ‘क्वीवा’ होते. तेव्हा सासरी कोणता उच्चार चालतो ते एकदा सासूबाईंच्या तोंडून ऐकून घ्या.

आता ‘के-ई-ई-व्ही-ए’बद्दल. तुम्ही गॉलवेला राहणार, मुलगी तिथल्या शाळेत जाणार. तिथल्या बाईंना मूळ स्पेलिंगच ओळखीचं असेल. सोपं केलेलं लिहिलंत तर तिला ‘के-ने सुरू होतं, सी-ने नाही’ हे जन्मभर सांगावं लागेल, आणि भारतातही कुणी ते ‘कीवा’ वाचेल, कुणी ‘कीव्हा’. त्रास वाचत नाही, फक्त जागा बदलतो. शिवाय तो शब्द ‘सुंदर, कोमल, लाडका’ अशा अर्थाच्या एका जुन्या आयरिश शब्दावरून आलाय. स्पेलिंग मोडलं की ते नातं दिसेनासं होतं. इथले आईबापही अवघड स्पेलिंगला घाबरत नाहीत. 2021 मध्ये आयर्लंडात मुलींचं सगळ्यांत जास्त ठेवलं गेलेलं नाव ‘फीआ’ होतं, एफ-आय-ए-डी-एच. त्यातल्या शेवटच्या डी-एचचा उच्चारच होत नाही.

आता माझी काळजी. आमच्याही यादीत कीवा पहिल्या क्रमांकावर होतं. मी आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “अगं, कीव येते मधली कीव?” मला ते तोवर एकदाही सुचलं नव्हतं, कारण मी ते नाव सतत लिहिलेलं पाहत होते, मराठी वाक्यात बोलून पाहिलं नव्हतं. ‘कीवाला भूक लागलीय’, ‘कीवाकडे बघ’, असं मोठ्याने म्हणून बघा. तुमच्या कानाला खटकलं नाही तर खुशाल ठेवा, नाव फार सुंदर आहे. मला खटकलं. आजीने ज्या नावाने हाक मारायची, त्यात दया दाखवल्याचा सूर मला नको होता. ‘ऊना’ हे नावही आम्ही ह्याच कारणाने सोडलं, आमच्याकडे लगेच ‘उणा’ झालं असतं.

‘नीव’ ह्या परीक्षेत पास झालं. आयरिशमध्ये त्याचा अर्थ तेज, झळाळी. आयरिश दंतकथेतला वीर उशीन, त्याला पांढऱ्या घोड्यावरून चिरतारुण्याच्या देशात नेणारी ती सोनेरी केसांची राजकन्या म्हणजेच नीव. आणि इंदूरच्या माझ्या मावशीने हिंदीत ऐकलं ‘नींव’, म्हणजे पाया. तिला अर्थ इतका आवडला की तिने तोच धरून ठेवलाय.

आम्ही बारसं कॉर्कलाच केलं. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या हवी, आणि नीवची आत्या म्हणजे माझी आयरिश नणंद. आईने तिला ‘कुर्रर्र’ शिकवलं. ती पाळण्यावर वाकली, कुर्रर्र केलं आणि कानात ‘नीव’ म्हणाली. कानात सांगताना स्पेलिंग लागत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मग ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहायचं होतं. आईने वर देवनागरीत दोन अक्षरं काढली, नवऱ्याने त्याखाली पाच. तो फोटो आम्ही सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्यानंतर घरात कुणी ‘नियाम्ह’ म्हटलं नाही. तुम्हीही बातमी कळवताना नाव आधी देवनागरीत लिहा, खाली रोमन. सोबत तुमच्या नवऱ्याच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा.

अजून ठरलं नसेल तर मी रोशीनकडे झुकेन. अर्थ छोटा गुलाब, आणि आपल्या कानाला रोशन, रोशनीच्या घरातलं वाटतं. ते लिहितात आर-ओ-आय-एस-आय-एन, फक्त त्यात ओ आणि दुसऱ्या आय ह्या दोन्हींच्या डोक्यावर तिरकी रेघ आहे. तिला ‘फादा’ म्हणतात, अर्थ ‘लांब’, म्हणजे आपलं दीर्घ. ती शोभेची नाही. दिन आणि दीन मध्ये जेवढा फरक, तेवढा तिथेही पडतो: शॉनच्या स्पेलिंगमधली फादा काढली तर उरलेल्या शब्दाचा अर्थ ‘म्हातारा’ होतो. विमानाच्या तिकिटावर आणि पासपोर्टच्या खालच्या, मशीनने वाचायच्या ओळीत फादा येत नाही, त्याने घाबरू नका. पण जन्मनोंदणीला तीन महिन्यांच्या आत जाल तेव्हा, सही करायच्या आधी, पडद्यावर दोन्ही रेघा दिसतायत का ते स्वतः बघून घ्या.