अंगठा लागत नाही म्हणून फोनचे लॉक काढावे का?
साध्या टचस्क्रीन फोनविषयी वाचकांचे प्रश्न

साधा, सात-आठ हजार रुपयांत मिळणारा टचस्क्रीन फोन सुरक्षितपणे कसा वापरावा, याविषयी सोलापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. उत्तरे अँड्रॉइड फोनसाठी आहेत. फोनच्या कंपनीप्रमाणे सेटिंगमधील शब्द थोडे वेगळे दिसतील, पण क्रम साधारण तोच असतो.

प्रश्न : ताई, मी तीस वर्षे विड्या वळते. मुलाने टचस्क्रीन फोन घेऊन दिला, पण अंगठा कितीदा ठेवला तरी तो उघडत नाही. म्हणून नातवाने लॉकच काढून टाकले. आता फोन लगेच उघडतो. यात काही धोका आहे का?
— एक विडी कामगार, कुंभारी

उत्तर : धोका आहे, आणि तो आजच दूर करण्यासारखा आहे. दोष तुमच्या हाताचा नाही, फोनचाही नाही. मी ज्या बायकांना फोन शिकवते त्यांच्यातील अनेकींच्या अंगठ्याचे आणि तर्जनीचे टोक मी हातात धरून पाहिले आहे. पान वळताना आणि विडीचे तोंड दुमडताना रोज शेकडो वेळा तीच जागा घासली जाते, त्यामुळे तिथल्या रेषा झिजून कातडी गुळगुळीत होते. फोन नेमक्या त्या रेषाच वाचतो, आणि त्या नसतील तर तो काय ओळखणार?

त्यावर पहिला उपाय असा की, वळण्याच्या कामात जे बोट सर्वांत कमी येते, म्हणजे बहुधा डाव्या हाताची करंगळी किंवा अनामिका, ते नोंदवावे. हात धुऊन, पूर्णपणे कोरडे करून, तेच बोट दोन वेगवेगळ्या नोंदींत दोनदा नोंदवले तर ओळख बरीच सुधारते. तरीही जमले नाही तर सहा आकडी पिन ठेवावा. ठिपके जोडून काढायची नक्षी मी सहसा सुचवत नाही, कारण फोन उजेडात तिरपा धरला की बोटाच्या तेलकट खुणा काचेवर दिसतात. पिनमध्ये जन्मसाल किंवा घराचा नंबर घेऊ नये, आणि हाच पिन पैसे पाठवण्याच्या यूपीआयला मुळीच वापरू नये. माझ्या आईचा फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने १२३४ हा पिन लावून तो खोक्यावर पेनाने लिहूनही दिला होता. त्याचा हेतू चांगलाच होता, पण ते खोके वर्षभर टीव्हीच्या शेजारी होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तो पिन वाचू शकत होता.

आणखी दोन गोष्टी नातवाकडून, पण स्वतः शेजारी बसून, करून घ्या. पहिली म्हणजे लॉक असलेल्या पडद्यावर संदेशातील मजकूर दिसणे बंद करणे; नाहीतर ओटीपी न उघडताच वाचता येतो. दुसरी म्हणजे सिमलाही लॉक लावणे. फोनला कितीही चांगले लॉक असले तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी तिथे येऊ लागतात. सिमचा मूळ पिन आधी सिम कंपनीला विचारून घ्यावा, अंदाजाने टाकू नये. तीन वेळा चुकला की सिम अडते आणि ते पुन्हा उघडण्यासाठी सिम कंपनीकडचा पीयूके क्रमांक लागतो. तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते.

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' नावाची फाइल आली. मी ती दाबली, मध्ये दोन-तीन पाट्या आल्या, त्यांवर ओके ओके केले, पण पत्रिका काही दिसली नाही. नंतर कळले की त्यांचाच फोन बिघडला आहे. आता माझ्या फोनचे काय?
— एक किराणा दुकानदार, कुमठा नाका

उत्तर : पत्रिका हा फोटो असतो किंवा पीडीएफ असते. ती पाहण्यासाठी फोनमध्ये काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. तुमच्याकडे आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी, टिंबानंतर, 'एपीके' ही तीन इंग्रजी अक्षरे असणार. एपीके म्हणजे अख्खे ॲप. वीजबिल थकल्याची नोटीस, वाहनाचे चलन, शेतकरी योजनेची यादी, बँकेचे केवायसी अशा नावांनीही अशीच ॲप पाठवली जातात. ज्यांच्या नंबरवरून ती आली ते गृहस्थ स्वतःही फसलेले असतात, त्यामुळे 'ओळखीच्या नंबरवरून आले' याला येथे काही अर्थ उरत नाही.

नुसती फाइल दाबल्याने ॲप बसत नाही. फोन आधी विचारतो की अनोळखी ठिकाणचे ॲप घेऊ द्यायचे का. मग इन्स्टॉल करायचे का, हे विचारतो. ॲप बसले की ते स्वतः एसएमएस वाचण्याची, आणि पुष्कळदा 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागते. पहिली दिली की तुमचे ओटीपी समोरच्याला मिळतात; दुसरी दिली की पडद्यावर काय चालले आहे ते त्याला दिसते आणि तुमच्या वतीने तो बटणेही दाबू शकतो. तुम्ही ज्या दोन-तीन पाट्यांवर ओके केले त्या याच. त्या इंग्रजीत असतात आणि आपल्याला पत्रिका पाहण्याची घाई असते, इथेच घात होतो.

आता असे करा. फोन लगेच 'एअरप्लेन मोड'वर टाका आणि वाय-फायही बंद असल्याची खात्री करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत जातात. तक्रार लवकर पोहोचली तर ते वाटेतल्या खात्यात गोठवता येतात आणि उशीर झाला की रोख काढून नेलेले असतात. म्हणून आधी मुलाला पुण्याहून येऊ द्यावे, मग पाहू, असे करू नये. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचे तत्त्वही हेच सांगते : ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे, कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. बँकेला कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर फोनची सफाई. सेटिंगमधील ॲपच्या यादीत ते ॲप शोधून काढून टाका. कधी त्याला चिन्हच नसते, कधी ते निघत नाही. अशा वेळी फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन पूर्ण रिसेट करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी यंत्र जोडलेले असेल तर ते काढा. पासवर्ड आणि यूपीआय पिन बदला, पण रिसेटनंतरच.

आणि एक विनंती. सेटिंगमध्ये जाऊन फोनची भाषा मराठी करून घ्या. शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घरी तेलुगू बोलली-वाचली जाते त्यांनी तेलुगू ठेवावी, ज्यांना कन्नड सोपी वाटते त्यांनी कन्नड. 'या ॲपला तुमचे संदेश वाचू द्यायचे का?' हा प्रश्न स्वतःच्या भाषेत समोर आला की माणूस ओके दाबण्यापूर्वी थबकतो. वर्गात हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि सुरक्षिततेचा याहून स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही.

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. फोन मागाजवळच्या प्लगला चार्जिंगला लावतो. हल्ली वायर नीट बसत नाही, धरून ठेवावी लागते, आणि उन्हाळ्यात फोन हात भाजेल इतका तापतो. बॅटरी फुटेल का?
— एक यंत्रमाग कामगार, अक्कलकोट रोड

उत्तर : वायर न बसण्याचे कारण बहुधा बॅटरीत नाही, कारखान्याच्या हवेत आहे. सुताची बारीक लव दिवसभर उडत असते, ती फोनच्या चार्जिंगच्या खोबणीत जाते आणि प्रत्येक वेळी पिन घालताना आत दाबली जाते. अशाच एका फोनमधून मी लाकडी टूथपिकने लव काढली तेव्हा नमद्यासारखी घट्ट झालेली, मसुराच्या डाळीएवढी गोळी बाहेर आली आणि वायर पुन्हा खट्कन बसली. हे करताना फोन बंद असावा आणि सुई किंवा सेफ्टी पिन मुळीच वापरू नये, कारण आतले धातूचे बारीक पाते वाकले की दुरुस्तीचा खर्च येतो. अर्धवट बसलेली पिन तापते, ठिणगीही पडू शकते, आणि भोवती सगळीकडे सूतच असते. त्यामुळे ही बाब क्षुल्लक समजू नये. शक्य असेल तर फोन मागापासून दूर, कार्यालयाच्या खोलीत चार्ज करावा.

तापण्याविषयी सांगायचे तर, आजच्या फोनमधील लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सर्वांत जास्त मारक असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो. पत्र्याखाली, खिशात किंवा उशीखाली फोन चार्ज करू नये. चार्जिंग चालू असताना व्हिडिओ पाहू नये. जाड कव्हर काढून ठेवावे. तापलेला फोन थंड करण्यासाठी फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव धरते. चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक आहे का ते पाहावे. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. रस्त्यावरच्या पन्नास रुपयांच्या चार्जरवर हे पाहायला मिळेल असे समजू नका.

फोनची पाठ उचललेली दिसली किंवा पडदा मध्ये वर आला, तर मात्र बॅटरी फुगली आहे. तो फोन त्याच क्षणी बंद करावा, पुन्हा चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा.

प्रश्न : मी घरी शेंगाचटणी करून विकते. बाहेरगावच्या एका गिऱ्हाइकाने मोठी ऑर्डर देऊन कोड पाठवला आणि 'स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील' असे सांगितले. टाकू का?
— एक गृहउद्योजिका, मंगळवार पेठ

उत्तर : नाही. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. त्याला तुमचा यूपीआय आयडी कळवा आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट त्याने पाठवला तरी स्वतःच्या खात्यातील शिल्लक पाहिल्याशिवाय चटणी पाठवू नका.

प्रश्न : पोलिसांच्या गणवेशातील माणसाने व्हिडिओ कॉल केला. माझ्या आधारवर बेकायदा पार्सल सापडले असून मला 'डिजिटल अरेस्ट' केले आहे, कॉल बंद करायचा नाही, पत्नीलाही सांगायचे नाही, असे तो दोन तास दरडावत होता. शेजारी आले म्हणून मी वाचलो. अजूनही बेल वाजली की छातीत धडधडते.
— एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : सर, आपण हे लिहिलेत याबद्दल मी मनापासून आभारी आहे, कारण लाजेपोटी बहुतेक जण लिहीत नाहीत. यात आपल्या अज्ञानाचा काहीच भाग नाही. कायद्याचा मान राखून ज्यांनी आयुष्य काढले त्यांनाच हे लोक हेरतात. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. अटक कशी करायची हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये सांगितले आहे, आणि ती समोर असलेल्या माणसालाच होते; पडद्यावरून ती होत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी 'मन की बात'मधून पंतप्रधानांनीही याच फसवणुकीविषयी सावध केले होते.

ओळखण्याची खूण एकच सांगते : 'कोणाला सांगू नका'. खरा पोलीस घरच्यांपासून गोष्ट लपवायला सांगत नाही. पुन्हा असा कॉल आला तर उत्तर देण्याच्या, स्वतःला निर्दोष ठरवण्याच्या भरीस न पडता तो सरळ तोडावा आणि शंका राहिलीच तर स्वतःच्या पायाने जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. तो नंबर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरील 'चक्षू' सुविधेत नोंदवता येतो. बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनबाबत इतके लक्षात ठेवावे की, बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत, आणि त्या क्रमांकावरून बोलणाऱ्यालाही ओटीपी सांगायचा नसतो.

काही दिवस अनोळखी नंबर पत्नीसमोरच, स्पीकरवर उचला. धडधड हळूहळू कमी होईल.

प्रश्न : फोन उशाशी ठेवून झोपल्याने किरणांचा त्रास होतो का?
— एक गृहिणी, होटगी रोड

उत्तर : भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या किरणांसाठी शरीराच्या ऊतीच्या दर किलोग्रॅममागे १.६ वॅट ही कमाल मर्यादा आहे. अनेक फोनवर *#०७# दाबल्यास त्या फोनचा आकडा दिसतो. उशीखाली ठेवू नका असे मी सांगते ते मुख्यतः उष्णतेमुळे आणि झोपमोडीमुळे.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत, सिद्धेश्वर मंदिराजवळच्या गर्दीत माझा फोन गेला. फोन साधाच होता, पण त्यात बँक होती. पुढच्या वर्षी काय काळजी घेऊ, आणि आता काय करू?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सात रस्ता

उत्तर : आधी आताचे. सिम कंपनीला सांगून सिम बंद करा, बँकेला सांगून यूपीआय थांबवा, मग पोलिसांत फोन हरवल्याची तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. त्याच नंबरचे नवे सिम मिळाले की मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर जाऊन फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची स्वतःची ओळख, 'ब्लॉक' करण्याची विनंती भरा. पोलीस तक्रारीची प्रत तिथे जोडावी लागते, आणि ओटीपी नव्या सिमवर येतो. आयएमईआय ब्लॉक झाला की तो फोन देशातील कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. हा क्रमांक फोनच्या खोक्यावर आणि बहुधा बिलावरही असतो. त्याच संकेतस्थळावर आपल्या नावावर एकूण किती सिम चालू आहेत तेही पाहून घ्यावे. ओळखीचे नसलेले सिम तिथूनच कळवता येते.

पुढच्या जानेवारीत नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला जाण्यापूर्वी *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक घरातल्या वहीत लिहून ठेवा, आणि गर्दीत फोन मागच्या खिशात न ठेवता पुढे, चेन असलेल्या पिशवीत ठेवा. हरवलेला फोन परत मिळाला तर तो वापरण्यापूर्वी 'संचार साथी'वरच 'अनब्लॉक'ची विनंती करावी लागते. ती केली नाही तर तुमच्या हातात आलेला तुमचाच फोन तुमच्या सिमवरही चालणार नाही.