विशेषणं खोड आणि आधी माहिती गोळा कर

प्रिय दोस्ता,

तुझे जाहिरातींचे ड्राफ्ट वाचले. भाषा शुद्ध आहे, वाक्यं गोड आहेत, पण दर्जेदार, अत्याधुनिक, विश्वासार्ह हे शब्द पानोपानी आलेत. ब्रँडचं नाव झाकून तिथे त्याच्या स्पर्धकाचं नाव टाकून बघ, वाक्य तरीही तितकंच खरं वाटलं तर ते खोडायचं. ही टेस्ट मी अजून रोज करते, आणि तुझी बरीच वाक्यं त्यात नापास होतील.

नावाजलेला जाहिरातलेखक डेव्हिड ओगिल्वी याची रोल्स रॉइस गाडीची १९५८ ची जाहिरात नीट वाच. गाडी शांत आहे असं त्याची हेडलाइन म्हणतच नाही, ताशी ६० मैल वेगात सगळ्यात मोठा आवाज येतो तो आतल्या इलेक्ट्रिक घड्याळाचा, एवढंच सांगते. लोक याला प्रतिभा म्हणतात पण ती गोष्ट त्याला एका तांत्रिक परीक्षणात सापडली होती, आणि लिहायच्या आधी तीन आठवडे तो त्या गाडीबद्दल नुसतं वाचत होता! तेव्हा शब्द सुचायची वाट बघत बसू नकोस, इंजिनिअरला प्रश्न विचार, कस्टमर केअरला आलेल्या तक्रारी वाच, रिव्ह्यू वाच, आणि लोकांची वाक्यं जशी आहेत तशी उतरवून ठेव, सुधारू नकोस. फोनच्या बॅटरीला कोणी 'दीर्घकाळ टिकणारी ऊर्जा' म्हणत नाही, 'सकाळी चार्ज केला की झोपेपर्यंत चालतो' म्हणतात, आणि तुझी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, तिथेच आहे.

क्रियापदांकडेही बघ. 'सेवा प्रदान करण्यात येते' यात कोण देतंय तेच कळत नाही, 'आम्ही घरी येऊन दुरुस्त करतो' म्हटलं की माणूस दिसतो. वेबसाइटवरच्या बटणावर 'सबमिट करा' नको, दाबल्यावर काय होणार ते लिही, म्हणजे 'तिकीट बुक करा'.

आता जरा नाजूक विषय. १९८८ मध्ये लेव्हिन आणि गेथ या संशोधकांनी एकाच खिम्याचं दोन प्रकारे वर्णन केलं, काहींना सांगितलं ७५ टक्के चरबीविरहित, काहींना २५ टक्के चरबी. गणित तेच, तरी पहिल्या गटाला तो जास्त चांगला वाटला. पण लोकांनी खिमा चाखल्यावर हा फरक कमी झाला, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपण निवडलेला शब्द माणसाला दारापर्यंत आणतो, पुढे तो स्वतः चव घेतो आणि तेव्हा शब्दाने जास्तीचं काही कबूल केलं असेल तर राग ब्रँडवर निघतो, पुढची जाहिरात कितीही छान लिहिलीस तरी तो वाचतच नाही.

म्हणून '५० टक्क्यांपर्यंत सूट' लिहायच्या आधी क्लायंटला विचार की पूर्ण ५० टक्के सूट नेमकी किती वस्तूंवर आहे. दोन-चारच असतील तर त्या वस्तूंची नावं घालून लिही, आणि क्लायंट नाही म्हणाला तर मला फोन कर, आपण दोघं मिळून त्याच्याशी बोलू.