खेळ सुटला की पोरगं संपतं का?

माझ्याकडं समुपदेशनाला येणारे खेळाडूंचे आईवडील, कबड्डीवाले असू देत नाहीतर क्रिकेटवाले, फिरून फिरून एकच विचारतात. "मॅडम, दुखापत झाली, सिलेक्शन गेलं, आता पोरगं बोलतच नाही, याचं काय होणार?" म्हणून सागरचं लिहिते (नाव आणि तपशील बदललेत).

सागर आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला, वडील यंत्रमागावर. कबड्डीतून रग्बीत गेला, पकडायचं-पाडायचं अंगातच होतं, भारताच्या कॅम्पसाठी नाव आलं आणि त्याच्या आधी एका मॅचमध्ये खांदा निखळला. झालं. दिवसभर माळ्यावर, फोनमध्ये एकच क्लिप. आई भाकरी नि शेंगाचटणीचं ताट वर नेऊन ठेवायची आणि तसंच खाली आणायची.

वडिलांचा प्रश्न पोटाचा. "असल्या खेळानं घर चालतंय का ओ?" म्हणलं, आपल्याकडं फार थोड्यांचं चालतं. इंग्लंड-वेल्समधेसुद्धा रग्बी युनियन (रग्बीचा पंधरा-पंधरा जणांचा प्रकार) 1995 पर्यंत हौशीच होती, लोक नोकऱ्या सांभाळून देशाकडून खेळायचे. वेल्सचा जे. पी. आर. विल्यम्स देशासाठी 55 मॅच खेळला आणि पेशानं हाडांचा सर्जन! "म्हणजे कॉलेज सोडू नको म्हणून मी ओरडत होतो ते बरोबरच की." बरोबरच होतं, पण हात गळ्यात बांधलेल्या पोराला "बघ, सांगत होतो" हे ऐकवू नका. कुणीच ऐकवू नका, ही हात जोडून विनंती.

आता ती क्लिप. 2003 ची रग्बी वर्ल्डकप फायनल, सिडनी, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया 17-17, जादा वेळेचं शेवटचं मिनिट, आणि इंग्लंडचा जॉनी विल्किन्सन मुळात डावखुऱ्या पायाचा, तरी उजव्या पायानं ड्रॉप गोल (बॉल जमिनीवर टाकून उसळताच लाथेनं खांबांमधून मारायचा, तीन पॉइंट) मारतो, 20-17, कप इंग्लंडचा. सागर म्हणाला, "याला म्हणतात प्लेअर. मी काय, मी झिरो."

इथं भले भले "तू झिरो नाहीस रे बाळा" करत बसतात. मी नाही करत. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी, पोराच्या हिशोबातली चूक पोरालाच सापडू दे. म्हणलं, "क्लिप बास. अख्खी मॅच बघून ये."

पुढच्या वेळी आला, बराच वेळ बांधलेल्या हाताच्या पट्ट्याशी चाळा करत बसला.

"मॅडम, त्याच्या आधी तीन ड्रॉप गोल सुटले होते त्याचे."
"मग?"
"मग काय, त्याच्याच टीममधल्या डॉसननं परत त्यालाच पास दिला की."
"तिसरा सुटला तेव्हा तो कोण होता?"
"...विल्किन्सनच."

चेहरा खुलला त्याचा. "म्हणजे मी पण परत येणार, मारणार!" बहुतेक जण इथंच खूश होऊन थांबतात, आणि खरी गंमत इथंच निसटते असं माझं मत. मी विचारलं, "आणि चौथा पण सुटला असता तर?"

लै वेळ गप्प. पंख्याचा तेवढा आवाज. मग हसायलाच लागला, "तर काय, शिव्या खाल्ल्या असत्या, घरी गेला असता, जेवला असता."

त्या दिवशी पोरगं घरी जाऊन जेवलं. मला विचाराल तर तेच त्याचं सिलेक्शन! कारण उलटंही खरं आहे, तो गोल बसून तरी विल्किन्सनचे कुठले प्रश्न सुटले? दुखापतीमागून दुखापत, इंग्लंडकडून पुढची मॅच थेट फेब्रुवारी 2007 मधे, आणि चिंता-नैराश्यानं किती छळलं ते त्यानं स्वतः जाहीर सांगितलंय. वर्ल्डकप घरात असून. मॅच जिंकली म्हणून माणूस मोठा झाला असं धरलं की हरल्यावर तो शून्य होणारच, हिशोबच तसा मांडलाय. आणि हा हिशोब पोरं आपल्याकडूनच शिकतात, नातेवाइकांसमोर आधी मेडल दाखवतो ना आपण, मग पोरगं.

तर पालकांनो, खेळाचा विषय आठवडाभर काढू नका, दळण आणायला पाठवा, सोबत चहाला न्या. झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं तर डॉक्टर गाठा, आणि मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

सागरचा फिजिओ चालू आहे, बी.कॉम.चा फॉर्म भरलाय. वडील परवा विचारत होते सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाचं. म्हणलं, कुठली स्पर्धा त्यात धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं विचारा, आणि सर्टिफिकेटं घेऊन सागरलाच पाठवा.