नोकरी गेली, मुलांना सांगायचं का?

‘मुलांच्या डोक्याला कशाला ताप?’ घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की पालक हे हमखास विचारतात. धायरीहून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका ताईंचंही तेच म्हणणं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांच्या मिस्टरांची चाकणच्या कारखान्यातली नोकरी गेली होती. तरी ते रोज डबा घेऊन निघायचे, सारसबागेत बसायचे आणि शिफ्ट सुटायच्या वेळी घरी यायचे. ताईंना आणि सासूबाईंना माहीत होतं, मुलांना नाही. ताई आल्या होत्या मुलीच्या पोटदुखीसाठी. तपासण्यांत काहीच निघालं नव्हतं.

नववीतल्या त्या मुलीशी मी एकटीशी बोलले. सहलीचं संमतीपत्र तिनं घरी दाखवलंच नव्हतं. म्हणाली, “बाबांचे बूट मीच आत ठेवते. आधी त्यांना ग्रीस असायचं. आता नुसती माती असते. बाबांना काहीतरी मोठा आजार झालाय, हो ना?”

मोठी माणसं गप्प राहिली की मुलं उरलेली गोष्ट मनानंच रचतात, आणि ती खऱ्याहून भयंकर असते. 1930च्या दशकातल्या मंदीत वाढलेल्या अमेरिकन मुलांचा समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी अभ्यास केला. टंचाईची झळ मुलांना लागली ती बरीचशी आईवडिलांच्या चिडचिडीतून आणि भांडणांतून.

सांगायचं बाबांनीच, असं ठरलं. ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नका, एवढा माझा आग्रह होता. ज्याची खात्री नाही ते कबूल करायचं नाही. दुसरीतल्या धाकट्यानं लगेच विचारलं, “मग घर सोडायचं?” बाबा म्हणाले, “दिवाळीपर्यंतच्या भाड्याची सोय आहे. पुढचं ठरलं की तुला सांगेन.” तेवढ्यावर तो खेळायला पळाला. मुलगी मात्र शिकवण्या घेते म्हणाली. तिथं मी अडवलं. खर्च मांडताना तिनं जरूर बसावं, पण हप्त्यांची काळजी तिच्या अंगावर नको. पोटदुखी कमी झाली आहे, पूर्ण थांबलेली नाही.

बाबांची झोप उडाली होती. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे मी त्यांना सरळ विचारलं. असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं येत नाही, उलट माणूस बोलता होतो. तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं असेल, तर तुम्हीही विचारा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.