मायकोरायझाच्या पुडीने ब्ल्यूबेरी ठाण्याच्या हवेला जुळवून घेईल का?

घोडबंदर रोडच्या गॅलरीतल्या कुंडीसाठी विचारताय, तर नाही. मायकोरायझा म्हणजे झाडाच्या मुळांशी भागीदारी करून राहणारी बुरशी; तिचे गट वेगवेगळे. दुकानात मिळते ती पूड बहुतेक वेळा 'व्हॅम' गटातली असते. ही बुरशी स्ट्रॉबेरी, टोमॅटो, मिरची यांच्या मुळांत शिरते आणि दूरवरचा स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणते. ब्ल्यूबेरीची सोयरीक वेगळ्याच बुरशीशी, एरिकॉइड गटाशी. या झाडाला मूळकेस नसतात, मुळं दोऱ्यासारखी बारीक. आम्लधर्मी मातीत कुजणाऱ्या पालापाचोळ्यात अडकलेला नत्र ती बुरशी सोडवून देते. म्हणून आधी मातीचा सामू (पीएच) 4.5 ते 5.5 हवा, नेहमीच्या लाल मातीत पूड टाकून पैसे वाया.

आणि सूक्ष्मजीव थंडी आणत नाहीत! ब्ल्यूबेरीच्या थंड प्रदेशातल्या 'नॉर्दर्न हायबुश' जातींना नीट फुलायला हिवाळ्यात 7 अंश सेल्सिअसखालचे साधारण 800 ते 1000 तास लागतात. आपल्याकडे पारा 15च्या खाली गेला तरी बातमी होते. कमी थंडीची 'सदर्न हायबुश' जात असेल तरच खटाटोप करा.

पूड घेतलीच असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी स्ट्रॉबेरीची रोपं आणून लावताना मुळांना चोळा. सोबत डीएपी हे स्फुरदयुक्त खत नको: स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला फारसा थारा देत नाही. उन्हाळ्याआधी चार फळं मिळतील, पावसाळ्यात रोप टिकवायचा हट्ट धरू नका.

माझं मत विचाराल तर करवंद लावा. येऊरच्या डोंगरावर ते कोणाच्या पुडीवाचून वाढतं.