रोज दीड तास जायला, दीड तास यायला: घरून विद्यापीठ जमतं का?

तुमचं विचारणं असं की विद्यापीठात प्रवेश मिळालाय, घरापासून एका बाजूला दीड तास लागतो, बस आणि ट्रेन दोन्ही आहेत. घरून ये-जा करावी की हॉस्टेलचा खर्च उचलावा? मी पदवी आणि पदव्युत्तर, दोन्ही घरून ये-जा करून केलं. जमतं. फक्त त्या दीड तासात गाडी किती वेळा बदलायची आणि एखादी चुकली तर पुढची कधी, एवढं बघितल्याशिवाय ठरवू नका.

एकाच ट्रेनमध्ये सव्वा तास आणि पुढे पंधरा मिनिटं पायी, हा प्रवास महिन्याभरात अंगवळणी पडतो. तोच दीड तास बस, ट्रेन, पुन्हा बस असा तुकड्यातुकड्यांत असेल तर जीव मेटाकुटीला येतो. जरा टेकलं की उठायची वेळ होते. शिवाय पहिली बस दोनच मिनिटं उशिरा आली आणि त्यापायी ट्रेन हुकली, पुढची अर्ध्या तासाने, म्हणजे दोन मिनिटांच्या उशिरापायी अर्धा तास गेला.

वेळापत्रकावरच्या ‘दर वीस मिनिटांनी’वरही फार विसंबू नका. बस अगदी नेमाने वीस-वीस मिनिटांनी येत असेल तर थांब्यावर सरासरी दहा मिनिटं उभं राहावं लागतं. पण बऱ्याचदा दोन बस पाठोपाठ येतात आणि मग बराच वेळ शुकशुकाट. समजा अंतर एकदा पाच आणि एकदा पस्तीस मिनिटांचं पडतंय. कागदावर सरासरी वीसच राहते, पण थांबण्याची सरासरी साडेपंधरा मिनिटांच्या वर जाते, कारण आपण थांब्यावर पोचतो तेव्हा त्या मोठ्या खंडात पोचण्याचीच शक्यता जास्त. ‘माझ्याच वेळी बस येत नाही’ ही तक्रार हिशेबानेसुद्धा खरी आहे!

म्हणून फी भरायच्या आधी एकदा कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी जाऊन या. रविवारी जाऊन आलात तर काहीच कळणार नाही. संध्याकाळचा परतीचा प्रवासही करून बघा आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी किती वाजता आहे ते लिहून ठेवा. तीच आपली शेवटची गाडी समजायची.

प्रवासात अभ्यास होतो असं सगळेच सांगतात. निम्मं खरं आहे. बसमध्ये पुस्तक उघडलं की अनेकांना मळमळतं: डोळे स्थिर पानावर असतात, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र आपण हलतोय असं सांगत असतो, आणि मेंदूला दोन्हीचा मेळ लागत नाही. ट्रेनमध्ये हा त्रास त्या मानाने कमी, पण तिथे बसायला जागा मिळेलच असं नाही. मला उपयोगी पडले ते प्रश्नांचे कागद. लेक्चर संपलं की तळहाताएवढ्या कागदावर त्या तासाचे चार-पाच प्रश्न लिहायचे, उत्तरं मुद्दाम लिहायची नाहीत. सकाळी एका हाताने दांडी धरून उभ्या उभ्या एकेक प्रश्न वाचायचा, खिडकीबाहेर बघत उत्तर आठवायचं, जिथे अडलं तिथे अंगठ्याच्या नखाने कागदाची कड दुमडायची. पोचल्यावर वही उघडून तेवढंच बघायचं. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून बघितलेलं जास्त टिकतं. संध्याकाळी मात्र मी सरळ झोपायचो, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

खरा अभ्यास होतो तो मधल्या मोकळ्या तासांत. दोन लेक्चरच्या मध्ये तीन तास असले की हॉस्टेलची मुलं खोलीवर जातात. आपल्याला जायला जागा नसते, हाच आपला फायदा. ग्रंथालयात एक कोपरा धरा आणि जर्नल, असाइनमेंट, जे असेल ते तिथेच संपवा. ‘घरी गेल्यावर करू’ म्हणून ठेवलेलं काम घरी होत नाही. घरच्यांना वाटतं पोरगं घरी आलं म्हणजे मोकळं झालं, आणि मग ‘जरा हे आणून दे’ सुरू होतं. त्यांचंही चुकत नाही.

नुकसान कुठे होतं तेही सांगतो. संध्याकाळी. ग्रुप प्रोजेक्टचे निर्णय लेक्चर संपल्यावर गप्पांच्या ओघात होतात आणि तेव्हा आपण घड्याळाकडे बघत असतो. यावर सेमिस्टरच्या सुरुवातीलाच बोलून घ्यावं: मला सहाला निघावं लागतं, मीटिंग दुपारी ठेवू, रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे द्या. रिपोर्ट लिहायला कुणी तयार नसतंच, त्यामुळे हा सौदा लगेच पटतो. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून उशिरापर्यंत थांबा. मैत्री त्या एका संध्याकाळीही होते, पण कधीच न थांबणाऱ्याला हळूहळू कुणी विचारेनासं होतं.

पैशांचा हिशेब करताना पास आणि हॉस्टेलची फी एवढंच समोरासमोर ठेवू नका. रोज तीन तास म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात पंधरा तास. विषय निवडायची मुभा असेल तर चार दिवसांत बसणारं टाइमटेबल घ्या, तीन तास तिथेच वाचतात. सकाळी पहिल्या तासाचा विषय टाळता आला तर गर्दीही टळते.

तुमच्या प्रवासात गाडी एकदाच बदलावी लागत असेल तर मी घरूनच करा म्हणेन. दोनदा किंवा जास्त असेल, किंवा शेवटच्या वर्षी रात्रीपर्यंत प्रयोगशाळेत थांबावं लागणारा अभ्यासक्रम असेल, तर निदान त्या वर्षापुरतं हॉस्टेल घ्या. अर्ज मात्र आधीच्या वर्षीच चौकशी करून वेळेत टाका. बऱ्याच ठिकाणी लांबून आलेल्यांना आधी जागा देतात, आणि दीड तासावर राहणारा त्यांच्या लेखी जवळचाच असतो.